सहा कूलर आणि एक गाडी

धम्मरत्न इंगळे यांनी एका रविवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं की आता कार घ्यायची, आणि ती विजेवरचीच घ्यायची. हे ठरवायला त्यांना अर्धी दाढी पुरली. कोणती घ्यायची हे ठरवण्यात मात्र पुढचे चौदा महिने गेले.

त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. चिखलीतल्या एका सरकारी कचेरीत ते बावीस वर्षं खरेदीच्या टेबलावर बसत होते. खुर्ची असो नाहीतर खराटा, तीन कोटेशन मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, खाली सही ठोकायची, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की घरात साधा मिक्सर यायला सात महिने लागले. तोवर त्यांच्या पत्नी सुवर्णाबाई पाट्यावर चटणी वाटत राहिल्या. (पाट्यावरची चटणी चवीला सरस लागते, असा शेरा धम्मरत्नांनी त्या तक्त्यात प्रामाणिकपणे मारलाही होता. तो वाचून सुवर्णाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.)

गाडीच्या तक्त्यात तीन गाड्या होत्या. पक्षपात नको म्हणून त्यांनी कंपनीची नावं न लिहिता त्यांना अ, ब आणि क म्हटलं होतं. अ छोटीशी, गल्लीत सहज वळणारी, खिशाला झेपणारी. पण कंपनीने सांगितलेले किलोमीटर आणि वापरणाऱ्यांनी सांगितलेले किलोमीटर यांच्यात बुलढाणा ते अकोला एवढं अंतर होतं. क एका चार्जिंगमध्ये थेट पुण्यापर्यंत नेईल अशी. फक्त तिची किंमत वाचताना धम्मरत्न दरवेळी चष्मा काढून पुसत आणि पुन्हा वाचत. ब मधली. खरोखरीचे सव्वादोनशे किलोमीटर जाणारी, घरच्या मोठ्या प्लगवर रात्रभरात भरणारी, आणि डिकीत गव्हाची दोन पोती सहज मावतील अशी.

कोणीही शहाणा माणूस इथेच थांबला असता. पण तक्त्यात एकतीस रकाने होते. चार्जिंगच्या रकान्यासाठी धम्मरत्न रविवारी एसटीने खामगावला, शेगावला, मलकापूरला जाऊन तिथली चार्जिंगची यंत्रं डोळ्यांनी पाहून आले. एका ठिकाणी यंत्राच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं, ते उठेपर्यंत थांबून त्यांनी यंत्राचा फोटो काढला. बुलढाण्याच्या शोरूममध्ये ते बारा वेळा गेले. तिथला विक्रेता शिवम सुरुवातीला त्यांना कोल्ड्रिंक देई, मग चहा, मग पाणी. दहाव्या खेपेनंतर तो त्यांना पाहिलं की नुसता नमस्कार करून आत जाई.

"एकतीस रकाने भरले तुमी," सुवर्णाबाई म्हणाल्या, "त्याच्यात एक रकाना बायकोचा हाये का?"

"तुझा कायचा रकाना?"

"कटाळली का नाही, म्हणून."

सुवर्णाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. एकाच वेळी दोन वर्ग सांभाळणाऱ्या बाईला एका नवऱ्याची काय ती मातब्बरी! त्यांनी त्याच दिवशी मुदत घालून दिली. वरवट बकालला माहेरी त्यांच्या भावाच्या मुलीचा, काजलचा साखरपुडा होता. "त्या कार्याले मी गाडीनं जाणार. एसटीनं नाही, जीपनं नाही, अन् राजकुमारभाऊजीच्या गाडीत त्यायचं बोलणं आयकत तं नाहीच नाही."

हे राजकुमार म्हणजे धम्मरत्नांचे साडू. वडनेर भोलजीला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं आणि दारात ट्रकच्या तोंडाची भलीमोठी डिझेल गाडी होती. विजेच्या गाडीला ते मोबाईल म्हणत आणि विषय निघाला की हमखास विचारत, "काय हो साडभाऊ, मिसकॉल देला तं येते का मंग ते गाडी?"

धम्मरत्नांनी शिवमला फोन केला. घरच्यांना दाखवायला एक दिवस गाडी मिळेल का? शिवमने क्षणाचाही विचार केला नाही; एव्हाना तोही तक्त्यातलीच नावं वापरू लागला होता. "ब घेऊन जा काका. पूर्ण दिवस ठेवा. घेणार असाल तर उत्तम, नसाल तर निदान तसं एकदाचं सांगा."

साखरपुडा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी. सकाळी साडेदहाला पांढरीशुभ्र ब शंभर टक्के भरून दारात उभी राहिली, तेव्हा सुवर्णाबाईंनी नवी पैठणी नेसली होती आणि इंजिनिअरिंगला असलेल्या त्यांच्या मुलीने, प्रेरणाने, गाडीबरोबर अकरा फोटो काढले होते. चिखली ते वरवट बकाल, खामगाव-शेगाववरून, जवळपास पंच्याण्णव किलोमीटर. जाऊन येऊन एकशेनव्वद. गाडीत सव्वादोनशेची वीज. कोणीही निवांत बसलं असतं.

धम्मरत्न निवांत बसले नाहीत. त्यांनी वाचलं होतं की एसी लावला की किलोमीटर घटतात. म्हणून एसी बंद. त्यांनी असंही वाचलं होतं की काचा उघड्या ठेवल्या की वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो आणि किलोमीटर घटतात. म्हणून काचाही बंद.

"बाबा, श्वास घेतला तं चालते का?" मागून प्रेरणाने विचारलं.

"हळू घे."

वेग पंचेचाळीसचा. अमडापूरच्या अलीकडे त्यांना एका ट्रॅक्टरने ओलांडलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेल्या बाया या बंद काचेआडच्या घामाघूम मंडळींकडे वळून वळून पाहत होत्या. त्यातल्या एकीने काळजीने हात करून "काही मदत पाहिजे का" असं खुणेने विचारलंसुद्धा. सुवर्णाबाईंनी पदराने तोंड पुसलं. घामाबरोबर पावडरही गेली. पैठणी अंगाला चिकटली होती आणि गजऱ्याची फुलं माना टाकून बसली होती.

मग उंद्रीच्या पुढे घाट लागला आणि चमत्कार झाला. उतारावर गाडी आपोआप वीज परत भरू लागली. प्रेरणा मागून मोठ्याने आकडे वाचत होती, "एकाहत्तर… एकाहत्तर… बाबा, बहात्तर!"

"बहात्तर?" धम्मरत्नांना भरून आलं. बावीस वर्षांच्या नोकरीत खर्ची पडलेली वस्तू परत जमा झालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. घाट संपला तसे ते हळूच म्हणाले, "मी काय म्हणतो, पुन्हा एकदा वर जाऊन खाली आलो तं?"

"वर जाताना पाच टक्के जातील बाबा."

"हो का," ते म्हणाले आणि त्यांनी वेग पुन्हा पंचेचाळीसवर आणला.

वरवट बकालला पोचले तेव्हा गाडीत अठ्ठावन्न टक्के वीज होती आणि माणसांत फारशी काही उरली नव्हती. धम्मरत्नांच्या सासूबाई, चांगुणाबाई, अंगणात स्वागताला आल्या, त्यांनी लेकीला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "काय वं माय, पायी आल्या का शेगावून?"

"गाडीनं आलो," सुवर्णाबाई म्हणाल्या. पुढचं त्या नवऱ्याकडे पाहून नुसत्या डोळ्यांनी बोलल्या.

अंगणात मंडप घातला होता. समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, त्यांना ताजे हार, दोन्ही बाजूंना तीन-तीन असे सहा मोठाले कूलर. बाहेर ऊन असं की चप्पल काढून ठेवली तर पुन्हा घालवत नव्हती. राजकुमार आपल्या गाडीतून एसीच्या गारव्यात ताजेतवाने उतरत होते.

"या या साडभाऊ! किती डांड्या राह्यल्या बॅटरीत?"

"अठ्ठावन्न टक्के," धम्मरत्न ताठ मानेने म्हणाले. पण मनात त्यांचं गणित सुरूच होतं. परतीचा घाट चढायचा. अठ्ठावन्न पुरतील? पुरतीलही. पण नाही पुरले तर अमडापूरजवळ रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, आणि नेमके मागून कोण येणार, तर राजकुमार, दोरी घेऊन!

त्यांनी घराला हळूच एक चक्कर मारली. मागच्या बाजूला धान्याच्या खोलीत एक जुना मोठा प्लग दिसला. कोपऱ्यात एक लांब केबल पडली होती. तिचा रंग मूळचा कोणता असावा हे सांगता येत नव्हतं, पण ती पुरत होती. "अर्धा तास फक्त," असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी गाडी मागच्या भिंतीला आणून लावली, शिवमने दिलेला चार्जर जोडला, बटण दाबलं. गाडीवर हिरवा दिवा लागला. कोणाला काही न सांगता ते मंडपात येऊन दुसऱ्या रांगेत बसले, तेही कूलरसमोर. त्या दिवसातला त्यांचा तो सगळ्यात सुखाचा क्षण होता आणि तो साधारण बारा मिनिटं टिकला.

नवरदेवाकडची मंडळी आली. जय भीम घालून झाले, पाणी झालं, त्रिशरण-पंचशील झालं, माईकवर पाहुण्यांची ओळख सुरू झाली. आणि बाहेर खांबावर 'फट्' असा आवाज होऊन माईक, पंखे, आणि सहाही कूलर एकदम बंद पडले.

मंडपात गरम हवा पावलं न वाजवता आत आली.

"लाईट गेली," कोणीतरी म्हणालं.

"येईन आता."

मंडपाचा वायरमन इंद्रभान बाहेर जाऊन वर बघून आला. "येत नाही जी. घराचा वायर खांबावरच जळला. लाईनमनले फोन केला, तो दुसऱ्या गावी हाये. दोन-अडीच तास म्हणते. पण असा जळला कसा? कोणी काही मोठं लावलं का घरात?"

धम्मरत्नांचे कान तापले. ते अगदी सावकाश उठले, लघवीला जाणारा माणूस जसा उठतो तसे, आणि मागे गेले. धान्याच्या खोलीत जळक्या रबराचा वास होता. प्लग अर्धा वितळून एका बाजूला झुकला होता. त्यांनी मेन स्विच पाडला, फडक्याने धरून प्लग उपटला आणि केबल गुंडाळत बाहेर आले.

तोवर मंडपात पेच पडला होता. नवरदेवाचे मामा जानराव उठून उभे राहिले होते. प्रत्येक कार्यात रुसायला एक माणूस लागतो. या घरात ते काम जानरावांकडे होतं आणि ते मनापासून करत. "आमचे म्हातारे माणसं हायेत," ते म्हणत होते, "आमी काऊन उकडून घ्याचं? कार्यक्रम करा पुढच्या महिन्यात, लाईट असंन तवा!"

काजल पडद्याआड रडकुंडीला आली. तिचे वडील हात जोडून उभे. राजकुमार पुढे झाले. "माह्या गाडीत बसा ना मामा, एसी लावतो!" जानराव जाऊन बसले. त्यांच्यामागे आणखी दहा जण जाऊन बसले. अकरावा शिरला तसे जानराव पहिल्यापेक्षा जास्त घामाघूम होऊन आणि दुप्पट रुसून बाहेर आले.

नेमके तेव्हाच धम्मरत्न खांद्यावर केबलचं भेंडोळं टाकून कोपऱ्यावरून येताना त्यांच्या सासऱ्यांना, पुंजाजींना दिसले.

"थांबा!" पुंजाजी ओरडले. "आमचे जवाई कायतरी करून राह्यले! काय लावता जवाईबापू?"

"मी? मी काढून राह्यलो…" धम्मरत्न म्हणाले.

"काय म्हणते?"

"गाडी काढून राह्यले म्हणते!"

"कायले?"

"गाडीतून लाईट काढून राह्यले म्हणत असतीन!" चांगुणाबाई ठामपणे म्हणाल्या. जावयावर त्यांचा पहिल्यापासूनच कारण नसताना विश्वास होता.

दोनशे माणसं धम्मरत्नांकडे पाहत होती. नाही म्हणावं तर मग केबल कशाला खांद्यावर, हे सांगावं लागलं असतं. ते अर्धवट हसले. आणि इथे प्रेरणा पुढे आली.

"बाबा, खरंच निघते! ब मधून लाईट बाहेर काढता येते. तुमच्या तक्त्यात सव्विसावा रकाना हाये तो. तुमी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली हाये."

धम्मरत्नांना रकाना आठवला. 'बाह्य वीजपुरवठा : आहे.' त्यांना वाटलं होतं मोबाईल चार्ज करायची सोय असेल.

प्रेरणाने शिवमला फोन लावला. डिकीतल्या पिशवीतून एक जाडजूड जोडणी निघाली. इंद्रभानने मंडपाची लाईन घरापासून तोडून वेगळी केली, आपली चांगली केबल आणली (धम्मरत्नांच्या खांद्यावरची केबल पाहून त्याने "हे कोन्या जमान्यातली हाये जी?" एवढंच विचारलं), गाडीला जोडली. प्रेरणाने गाडीच्या स्क्रीनवर बोट टेकवलं.

पहिला कूलर घरघरला. मग दुसरा. सहावा सुरू झाला तेव्हा मंडपात अशा टाळ्या पडल्या की नवरदेव गोंधळून उभा राहिला. माईक खरखरला आणि त्यातून पुंजाजींचा आवाज साऱ्या गल्लीत गेला, "हे आमचे जवाई! चिखलीचे!"

जानरावांना मधल्या कूलरसमोर खुर्ची दिली. पाच मिनिटांत त्यांचे डोळे मिटले. झोपण्याआधी ते शेजाऱ्याला म्हणाले, "सोयरे तयारीचे हायेत. लाईट जाईन हे आधीच धरून गाडी आणली."

साखरपुडा झाला. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, भाषणं झाली (माईक फुकटचा असल्यासारखी झाली), पंगती उठल्या. मधूनमधून लोक गाडीपाशी येऊन तिच्या बॉनेटवर हात ठेवून पाहत. "आवाजच नाही बे! जनरेटर असता तं कान फाटले असते." एकाने धम्मरत्नांना घरी चार्ज करायला किती वेळ लागतो विचारलं, दुसऱ्याने बॅटरी किती वर्षं टिकते, तिसऱ्याने डिकीत काय काय मावतं. आणि धम्मरत्न, ज्यांचं हे सगळं ऐकायला चौदा महिन्यांत घरात कोणी तयार नव्हतं, ते एकेका रकान्याचं उत्तर देत दोन तास उभे होते. राजकुमारसुद्धा मागे उभे राहून ऐकत होते. शेवटी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "साडभाऊ, क ची किंमत जरा व्हॉट्सअपले टाका बरं."

पाच वाजता लाईनमनने वायर जोडली. गाडीत पंचवीस टक्के उरले होते. चांगुणाबाईंनी डिकीत गव्हाचं पोतं, तुरीची डाळ, लोणच्याची बरणी आणि दोन भोपळे भरले. सगळं मावलं. धम्मरत्न तो रकाना मनातल्या मनात भरत होते, तेवढ्यात सुवर्णाबाई आल्या आणि त्यांनी मूठ उघडली. मुठीत अर्धा वितळलेला प्लग होता.

"हे काय हाये?"

"प्लग."

"धान्याच्या खोलीत कसा वितयला?"

धम्मरत्नांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. "अर्धाच तास लावणार होतो," ते म्हणाले.

सुवर्णाबाईंच्या गालावर खळी पडू लागली, ती त्यांनी महत्प्रयासाने थांबवली. "म्हणजे लाईट घालवली तुमीच, अन् टाळ्या घेतल्या बी तुमीच."

"फिटंफाट झाली ना मग."

"अजून नाही झाली. गाडी घ्या. हेच. आत्ता. नाही तं माईक अजून चालू हाये."

धम्मरत्नांनी मंडपाकडे पाहिलं. माईक खरंच चालू होता. पुंजाजी त्यात पाहुण्यांना उरलेली जिलबी घेऊन जायला सांगत होते. धम्मरत्नांनी खिशातून फोन काढला.

"शिवम, इंगळे बोलतो. ब घेतो."

"काका," शिवम म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?"

परतीच्या वाटेवर एसी लावला, सुवर्णाबाईंच्या अटीनुसार पूर्ण. शेगावच्या यंत्रावर तासभर गाडी भरली, तोवर तिघांनी गरम कचोऱ्या खाल्ल्या. घाट चढताना टक्के उतरत होते, पण प्रेरणाला ते वाचायची मनाई होती, आणि सुवर्णाबाई मान मागे टाकून गाणं गुणगुणत होत्या. धम्मरत्नांना वाटलं, चौदा महिने आपण उगाच घालवले. (हे त्यांनी अर्थातच कुठे लिहून ठेवलं नाही.)

तीन आठवड्यांनी ब त्यांच्या दारात आली, यावेळी कायमची. त्यानंतर चारच दिवसांनी पुंजाजी स्वतः एसटीने चिखलीला आले, काजलच्या लग्नाची पत्रिका घेऊन. लग्न मेच्या अखेरीस, भर दुपारी. आल्या आल्या त्यांनी पाणीसुद्धा न घेता आधी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टायरवर हात फिरवला, आणि समाधानाने आत येऊन बसले.

धम्मरत्नांनी पत्रिका हातात घेतली. पाकिटावर सासऱ्यांनी आपल्या थरथरत्या पण वळणदार अक्षरात निमंत्रितांची नावं लिहिली होती. त्यांनी एकदा वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

'सौ. सुवर्णा, कु. प्रेरणा व गाडी.'

"मामाजी," ते जरा दबकत म्हणाले, "याच्यात माहं नाव राह्यलं वाटते."

पुंजाजींनी पाकीट डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं आणि परत दिलं.

"राह्यलं कुठं जवाईबापू? तुमी गाडीच्या सामानात येता ना."